कण्हणारी पेटी

"बाबा, तुम्ही प्रार्थनेत झोपता का?"

विचारून टाकलं एकदाचं. पैजच लागली होती, मग काय करणार! चिमणी, ढब्बी आणि वकील या माझ्या तिघी मैत्रिणी परवा अभ्यासाला आमच्याकडे आल्या आणि अंधार पडेपर्यंत रेंगाळल्या. आमच्या घरी संध्याकाळी जो सापडेल त्याला प्रार्थनेला बसावंच लागतं. तिघी बसल्या, पण एकेक डोळा उघडा ठेवून. दुसऱ्या दिवशी शाळेच्या नळावर वकीलने खटलाच उभा केला.

"तू बोललीस, तुझी आई बोलली. तुझे बाबा काय बोलले? काही नाही. मान खाली, हात मांडीवर, आणि शेवटी एकदम आमेन! झोपतात गं ते."

"डुलकीच ती," ढब्बी म्हणाली. "आमचे आजोबा टीव्हीसमोर अगदी अशीच काढतात."

"विचारून दाखव," चिमणी म्हणाली. "नाहीतर सोमवारी परिपाठाला सगळ्यांसमोर एकटीने गाणं म्हणायचं."

माझा गाण्याचा आवाज सगळ्या शाळेला ठाऊक आहे. म्हणून विचारलं. फक्त वेळ चुकली. बाबांनी तेव्हाच मधमाश्यांच्या एका पेटीचं झाकण उचललं होतं. डाव्या हातात धुराचा डबा, उजव्या हातात पटाशी, आणि डोक्यावरच्या जाळीवर सात-आठ माश्या फिरत होत्या.

पलीकडे आई पेट्यांच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी ओतत होती. मुंग्या वर चढू नयेत म्हणून प्रत्येक पाय पाण्यात उभा असतो. ती खुदकन हसली. "विचार, विचार. मलाही ऐकायचंय."

"भुणभुणे, आधी ही चौकट धर," बाबा म्हणाले. मी जन्मल्यापासून बोलतेच आहे असं त्यांचं म्हणणं, म्हणून हे नाव. मी चौकट धरली. केवढी हलकी होती! मागच्या वर्षी मधाने भरलेल्या याच चौकटींनी माझे खांदे भरून यायचे.

"झोपत नाही," बाबा चौकटीकडे बघतच म्हणाले.

"मग काय करता?"

"गप्प बसतो."

"म्हणजे मनातल्या मनात बोलता."

त्यांनी धुराचा भाता दोनदा दाबला. पांढरा धूर चौकटींमधून सावकाश आत उतरला आणि माश्या खाली सरकल्या. "नाही," बाबा म्हणाले. "मनातसुद्धा नाही."

आईच्या हातातल्या तांब्यातून धार चालूच राहिली. वाटी भरून वाहिली, माती ओली झाली, तरी तिला कळलं नाही.

*

या वर्षी बहर आला होता. सगळी टेकडी पांढरी झाली होती आणि वाऱ्याबरोबर घरात, अंथरुणात, माझ्या दप्तरात वास यायचा. मग गरम वारा सुटला. भट्टीचं दार उघडल्यासारखा तोंडावर यायचा, दिवसा आणि रात्रीही. आठवडाभरात फुलं तपकिरी होऊन गळून पडली. माश्या जायच्या आणि रिकाम्या पायांनी परत यायच्या. काही दारापर्यंत पोचायच्या आणि तिथेच फळीवर आडव्या व्हायच्या. बाबा रोज सकाळी लहान झाडूने त्या बाजूला करायचे. एकेक पेटी रिकामी झाली, एकेक पेटी उचलून त्यांनी मागच्या छपराखाली रचली.

आमच्या प्रार्थनेचा क्रम असा: सगळ्यात लहान आधी, म्हणजे मी. मग आई. मग बाबा. माझी प्रार्थना लांबलचक असते. परीक्षा, चिमणीची मांजर, माझ्या नाकावरचा फोड, सगळं येतं. आई गल्लीतल्या प्रत्येकाचं नाव घेते, ज्यांच्याशी बोलत नाही त्यांचंसुद्धा, फक्त त्यांचं जरा भरभर. आणि बाबा? बाबा देवाशी कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी बोलावं तसे बोलायचे. "प्रभू, आज खालच्या रांगेतल्या पेट्या छान भरल्यात. ती निळ्या झाकणाची फार चिडकी आहे, तिला जरा समज दे. आमेन." मी लहानपणी धरूनच चालले होते की येशू आमच्याच पेट्यांच्या मागे कुठेतरी राहतो आणि त्याला जाळीची टोपी लागत नाही.

ते बोलणं थांबलं कधी? मला आठवेचना. रोज त्यांच्या शेजारी बसत होते मी, आणि ते ओळखलं कोणी, तर नळावरच्या वकीलने.

*

मंगळवारी चष्मेवाला आला. पेट्यांचा व्यापारी. काचा एवढ्या जाड की त्याचे डोळे दुसऱ्याच कुणाचे वाटतात. एकेका पेटीवर बोटाने टकटक करत तो रांगेतून फिरला, आणि बाबा त्याच्यामागून, पाहुण्याने चालावं तसे. स्वतःच्याच बागेत!

"माश्या कमी आणि लाकूड जास्त," तो म्हणाला.

"हो, यंदा जरा…" बाबा म्हणाले.

"तुमचं तर प्रार्थनेचं घर. वरून काही सोय झाली नाही वाटतं?" आणि तो हसला.

बाबाही हसले. त्याच्या हसण्याला सोबत म्हणून. मी साखरपाण्याची बादली घेऊन उभी होते. ती त्याच्या चकचकीत बुटांवर ओतायची फार इच्छा झाली. पण साखर वाया गेली असती.

"शनिवारी गाडी आणा," बाबा म्हणाले. "अंधार पडताना या, माश्या घरी असतात. सगळ्याच न्या."

असं कळलं मला. सगळ्याच! तो गेल्यावर बाकीचं कळलं. शहरातल्या शीतगृहात बाबांसाठी पहारेकऱ्याची जागा आहे, तिथेच खोली मिळते, आठवड्यातून एकदा घरी येता येतं.

आई पायरीवर बसून रिकाम्या चौकटींवरचं मेण खरवडत होती. मी हौदाशी बाटल्या धूत होते आणि गुणगुणत होते. मी गुणगुणत असले की मला काही ऐकू येत नाही असा घरात समज आहे. मी तो कधी मोडलेला नाही.

"ठरवूनच टाकलंत?" आई म्हणाली.

"हो."

"मला नाही विचारलंत, ठीक आहे. देवाला तरी विचारायचं."

"विचारलं होतं," बाबा म्हणाले. "वारा सुटला त्या आठवड्यात उठता-बसता विचारलं. पेटीवर हात ठेवून विचारलं. अजून किती विचारायचं असतं?"

खरवडणं थांबलं.

"मग रोज आमच्यासोबत बसता ते?"

"बसतो ना. आमेन म्हणतो. पोरीच्या देखत उठून जाता येत नाही. जमतं तेवढं करतोय गं. त्याहून जास्त मागू नकोस."

आईची पटाशी पुन्हा चालायला लागली, आधीपेक्षा हळू. मी गुणगुणत राहिले, पण कुठलं गाणं ते माझं मलाच कळत नव्हतं. बाटल्यांमधून दुपारचं ऊन गोल गोल फिरत होतं. एकेका बाटलीत एकेक छोटा, वाकडा बाबा दिसत होता, हात मांडीवर ठेवून बसलेला.

*

कोपऱ्यातली पेटी बुधवारी कण्हायला लागली.

पेटीला कान लावून ऐकायचं मला बाबांनीच शिकवलंय. चांगल्या पेटीचा आवाज एकसारखा असतो. ऐकत राहिलं की आपण त्यात तरंगायला लागतो आणि पाय जमिनीवर आहेत की नाहीत तेही कळत नाही. कोपऱ्यातल्या पेटीचा आवाज तसा नव्हता. तो वर चढायचा आणि लांबत लांबत खाली यायचा. तापातलं माणूस झोपेत करतं तसा.

"राणी गेली," बाबा म्हणाले.

"मग आता?"

"आता काय! नवी अंडी नाहीत, नव्या माश्या नाहीत. कण्हतील काही दिवस आणि संपतील." ते निघाले. "शनिवारी जाणारच आहेत."

पण दिवसभर ते त्या कोपऱ्याकडे फिरकले नाहीत. नळी आणायला जायचं तरी वळसा घालून गेले. ऊन उतरल्यावर मात्र माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "एखादा मोठा कागद आण गं. ती निळी पेटी दुबळी आहे, पण तिची राणी शाबूत आहे. दोन्ही जोडून टाकू. जाता जाता कण्हत नको जायला."

"एकदम एकीत एक ओतायच्या?"

"मारामारी होईल. एकमेकींचा वास ओळखीचा नसतो त्यांना. एकीवर एक ठेवायची आणि मध्ये कागद. दोन्हीकडून कुरतडत बसतात, त्याला वेळ लागतो. तेवढ्यात वास एक होतो. कागद संपेपर्यंत भांडायचं काय होतं तेच विसरतात."

मी पळत घरात. जुनी वर्तमानपत्रं बाटल्या गुंडाळण्यात संपली होती. फडताळात एक मोठा घडीचा कागद दिसला, तो ओढला. दप्तरातलं कर्कटक घेतलं आणि पळता पळताच कागदाला बारीक भोकं पाडली, कारण बाबा म्हणाले होते की हवा जायला हवी. बाहेर आता माणसांचे चेहरे पुसट झाले होते. बाबांनी निळ्या पेटीचं झाकण काढलं, कागद पसरला आणि कोपऱ्यातली पेटी तळ काढून त्यावर ठेवली. ती उचलताना त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. ठेवताना मात्र झोपलेलं मूल ठेवावं तशी ठेवली. वरून कण्हणं, खालून गुणगुणणं, आणि मध्ये तो कागद थरथरत असणार. आम्ही दोघं उगाचच कुजबुजत बोलत होतो.

*

"माझा रविवारचा कागद कुणी घेतला?" आई फडताळासमोर उभी होती. "नव्या गाण्याचा. इथेच ठेवला होता."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे.

"मोठा होता?" मी विचारलं.

"हो."

"एकाच बाजूला छापलेला?"

"अगं हो! कुठाय?"

"तो… माश्यांकडे आहे."

"कुणाकडे?"

"दोन पेट्यांच्या मध्ये."

आई खाली बसली. "अगं बाई! रविवारी चर्चमध्ये अख्खी मंडळी गाणार आणि मी काय मासोळीसारखं नुसतं तोंड हलवू? पहिल्या रांगेत उभी असते मी!"

बाबांच्या नाकातून विचित्र आवाज आला. हसू होतं ते! किती दिवसांनी. ते लपवायला त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि पाणी गळ्यावर सांडलं.

"काढून आणू?" मी विचारलं.

"आता उघडलं तर एकमेकींचा जीव घेतील," बाबा म्हणाले.

आईने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "राहू दे," ती म्हणाली. "त्यांना तरी म्हणू दे ते गाणं."

मग आम्ही प्रार्थनेला बसलो. माझी पाळी. मी डोळे मिटले, नेहमीचं सुरू करायला गेले, परीक्षा वगैरे, आणि भलतंच तोंडातून आलं.

"प्रभू, बाबा तुझ्यावर रागावलेत. ते सांगत नाहीत, कारण मला वाईट वाटेल. म्हणून मी सांगते. वारा सुटला तेव्हा ते पेटीवर हात ठेवून तुला विचारत होते. तू ऐकलंस की नाही, कुणास ठाऊक. आता तेही बोलत नाहीत. तुम्ही दोघंही बोलत नाही आणि मध्ये मी आणि आई. मलापण राग आलाय. तुझा आला, आणि बाबांचा पण थोडा आला. तो चष्मेवाला तुझ्यावरून हसला, तेव्हा बाबा का हसले? मला ते नाही आवडलं. त्यांना पण नसेल आवडलं. आणि मला वाटलं होतं ते झोपतात, मी मैत्रिणींना तसं म्हणू दिलं…" नाक वाहायला लागलं. मी ओढणीत तोंड घातलं.

आता आईची पाळी होती. तिने प्रार्थनेऐवजी माझ्या पाठीवर हात ठेवला. दिव्याभोवती एक चुकार माशी फिरत होती, काचेवर आपटत होती. मला वाटलं आता बाबा उठतील. आता खुर्ची मागे सरकेल.

"प्रभू," बाबा म्हणाले.

मी डोळे उघडले. त्यांचे मिटलेलेच होते. ओठ कोरडे पडले होते.

"कोपऱ्यातल्या पेटीची राणी गेली," ते म्हणाले. "निळीला जोडलीये. कागद घातलाय मध्ये. तू… जरा बघ." त्यांनी श्वास घेतला, तो मध्येच अडखळला. "बहराचं मला अजून कळलेलं नाही. पोरगी म्हणते ते खरंय. मी रागावलोय."

एवढंच. आमेन म्हणायचं ते विसरले, आणि आम्ही कुणीच आठवण केली नाही. थोड्या वेळाने आईने उठून चुलीवर भांडं चढवलं.

"असं बोलतात का देवाशी?" बाबा मला म्हणाले. आवाजात ओरडा नव्हता.

"तिनं बोलून टाकलं," आई मागे न वळता म्हणाली. "तुम्ही गिळत बसला होतात."

*

सकाळी उजाडायच्या आत मी पेटीशी. गवत ओलं, आकाश दुधी, आणि जग अजून नीट जुळलेलं नव्हतं. आई शाल घेऊन मागून आली. फळीवर पांढरा चुरा पडला होता. पिठासारखा, पण त्यात काळे ठिपके. एक माशी मागे मागे चालत आतून एक कपटा ओढत होती, तिच्या डोक्याहून मोठा. कडेपर्यंत आणला, क्षणभर थांबली, आणि सोडून दिला. तो गिरक्या घेत आईच्या तळहातावर पडला.

आईने तो डोळ्यांशी धरला. "हा 'प्र' आहे." दुसरा उचलला. "ही नुसती वेलांटी." मग तिला जे हसू फुटलं! शाल तोंडात कोंबली तरी आवरेना. "पहिलं कडवं संपवलं बघ यांनी!"

बाबा आले. ते हसले नाहीत. गुडघे टेकून बसले आणि पेटीला कान लावला. दव त्यांच्या विजारीत चढत गेलं, गुडघ्यांवर दोन काळे डाग पडले, तरी उठले नाहीत. मग मला बोटाने बोलावलं. मी दुसऱ्या बाजूने कान लावला. मध्ये पेटी, इकडे मी, तिकडे बाबा. कण्हणं नव्हतं. एकच आवाज होता, खालपासून वरपर्यंत भरलेला. माझ्या दातांपर्यंत येत होता. मी डोळे मिटले आणि मला दिसलं की आईच्या गाण्याची अक्षरं त्या अंधारात हातोहात सरकताहेत, कुणी काना घेतलाय, कुणी मात्रा, आणि कुणालाच ती वाचता येत नाहीत, तरी सगळ्या मिळून तेच म्हणताहेत.

"जुळल्या," बाबा म्हणाले.

"मग शनिवारी…"

"एक पेटी जुळली म्हणून टेकडी पांढरी होत नाही, भुणभुणे. घर चालवायचंय." पण हे बोलताना त्यांचा हात झाकणावर होता.

शाळेत वकीलने निकाल मागितला. "झोपतात की नाही?"

"नाही."

"पुरावा?"

"संध्याकाळी घरी ये. पण यावेळी दोन्ही डोळे मिटायचे."

*

शनिवारी आम्ही पेट्यांच्या दारांना जाळ्या ठोकल्या आणि दोर आवळले. दोराने बाबांच्या तळव्याची साल निघाली. आईने पदराची चिंधी फाडून बांधली. उन्हं जाता जाता गाडी आली. चष्मेवाला बाजूला उभा राहिला, बाबा आणि गाडीवान पेट्या चढवायला लागले. पेटी उचलली की तिच्या पायांखालच्या चार वाट्या तेवढ्या मागे राहायच्या, आकाश धरून. रांगेच्या रांगा तशाच वाट्या. मी एकेक पेटी गाडीत जाताना बघत होते.

शेवटी जोडलेली राहिली. दुमजली. चष्मेवाल्याने बोटाने टकटक केलं, आणि आतून जे उत्तर आलं त्याने तो एक पाऊल मागे सरला.

"अरे वा! ही खरी पेटी. ही आधी दाखवायची ना!"

बाबांनी वाकून हात घातला. मी पलीकडून दोन्ही हात झाकणावर ठेवले. सगळं वजन टाकलं.

"सोड गं," बाबा म्हणाले.

"नाही."

"अंधार पडतोय. त्यांना लांब जायचंय."

"मला बोलायचंय."

"ठरल्या होत्या सगळ्या," चष्मेवाला म्हणाला. "पोरगी काय म्हणतेय?"

बाबांनी हात काढला. कंबर सरळ करायला त्यांना वेळ लागला. चिंधी बांधलेला हात त्यांनी चष्मेवाल्यासमोर आडवा धरला. "थांबा जरा," ते म्हणाले. "बोलू द्या तिला."

आई पायरीवरून उतरून त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. पोटाला पेटीची गुणगुण लागत होती. आणि आवाज? आवाज असा निघाला की परिपाठाला सगळ्या शाळेला ऐकू गेला असता.

"आई, बाबा, मी ठरवलंय. ही पेटी जाणार नाही. ही मी सांभाळणार. शाळेच्या आधी पाणी, शाळेनंतर साखरपाणी, मुंग्या, मेणकिडे, सगळं मी. बाबा, तुम्ही जा शहरात, मी रडून अडवणार नाही. सुट्टीला आलात की मला शिकवा, चुकलं की ओरडा. पण तुम्ही नसाल त्या संध्याकाळीसुद्धा पेटीचं काय चाललंय ते मी प्रभूला सांगणार आहे, अगदी तुमच्यासारखं, चिडकी असेल तर चिडकी म्हणून. जगली तर हिच्यातून पुढच्या बहराला दुसरी काढू. आणि नाही जगली, तर तेही त्याला मीच सांगणार, तोंडावर. गप्प मात्र बसणार नाही."